दम्याचा पंप घरी आला. आता पुढं काय?

डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन माणूस काउंटरवर येतो, पंपाचं खोकं उलटंसुलटं करून पाहतो आणि आवाज खाली आणून विचारतो, "भाऊ, ह्याची आदत तं नाही लागत नं?" तिथं समाधान झालं की दुसरा प्रश्न ठरलेला: "याच्या गोळ्या नाही का भेटत?" हिंगणघाटकडच्या एका बाजाराच्या गावात मी एकोणीस वर्षं औषधाचं दुकान चालवतोय, आणि मला स्वतःला सातव्या वर्षापासून दमा आहे. म्हणजे हे दोन्ही प्रश्न मी काउंटरच्या दोन्ही बाजूंनी ऐकलेत. माझ्या बापानं दुसरा प्रश्न विचारून गोळ्याच आणल्या होत्या. त्या मी बारा वर्षं खाल्ल्या.

हे लिहितोय ते ज्यांच्या घरात दमा नुकताच निघालाय त्यांच्यासाठी. औषध कोणतं आणि किती, हे डॉक्टरच ठरवतील. पण ओपीडीच्या रांगेत तुमच्या वाट्याला पाच मिनिटं येतात आणि बरंच सांगायचं राहून जातं, ते इथं सांगतो.

छातीत नेमकं होतं काय

झडीच्या दिवसांत लाकडी दार फुगून चौकटीत अडकतं, तसं दम्यात श्वासनळ्यांचं होतं. नळीचं आतलं अस्तर सुजतं, नळीभोवतीचे स्नायू आवळतात आणि आत चिकट कफ साचतो. वाट अरुंद झाली की हवा शिट्टी वाजवत जाते. आपण म्हणतो छाती सूं-सूं वाजते. श्वास आत घेण्यापेक्षा बाहेर सोडायला जास्त त्रास होतो, आणि मध्यरात्रीनंतर पहाटेपर्यंतचा काळ सगळ्यात वाईट.

यातला आवळलेला स्नायू काही मिनिटांत सैल करता येतो. सूज मात्र दिवसांनी, आठवड्यांनी उतरते, आणि धाप थांबली तरी ती आत बसलेलीच असते. एवढं लक्षात आलं तर दोन पंप का लिहून देतात ते आपोआप कळेल. ज्या दिवशी दम लागत नाही त्या दिवशीही दमा असतो. गावात हे पटवून देणं फार जड जातं, कारण दुखत नसताना औषध घ्यायची आपल्याकडं रीतच नाही.

दमा एकाचा दुसऱ्याला लागत नाही. ताट वेगळं, ग्लास वेगळा, सोयरीक मोडली, हे सगळं अडाणीपण. घराण्यात मात्र तो उतरू शकतो, आणि सारखी सर्दी, शिंका, अंगावर खाज असणाऱ्या मुलांमध्ये जास्त दिसतो.

पहिली पायरी: दमाच आहे ना?

आपल्याकडं धाप लागणाऱ्या सगळ्यांनाच सरसकट "दमा आहे" म्हणतात. दम्याची खूण अशी की तो येतो-जातो. चार दिवस माणूस ठणठणीत असतो, मग सर्दी झाली, धूळ उडाली, थंडी पडली की रात्री उठून बसतो.

दोन आठवड्यांच्या वर खोकला असेल तर आधी टीबीची थुंकी तपासणी करा, ती सरकारी दवाखान्यात फुकट होते. चाळिशी ओलांडलेला माणूस, वर्षानुवर्षं बिडी किंवा चुलीचा धूर, धाप रोजचीच आणि हळूहळू वाढती, हा बहुतेक सीओपीडी असतो, म्हणजे धुरानं श्वासनळ्या-फुफ्फुसं कायमची खराब होण्याचा आजार. पायावर सूज आणि आडवं झालं की गुदमरणं, यात हृदय पाहावं लागतं. पांढरीफटक पडलेली बाई जिना चढताना थांबते, तिचं रक्त तपासा.

विदर्भासाठी दोन गोष्टी वेगळ्या सांगायला हव्यात. पूर्व विदर्भात सिकलसेल, म्हणजे आईबापाकडून येणारा रक्ताचा आजार, बऱ्याच घरांत आहे. सिकलसेलच्या रुग्णाच्या छातीत दुखून धाप लागली तर घरी पंप ओढत बसायचं नाही, थेट मोठा दवाखाना गाठायचा. अशा घरात दमाही असेल तर स्टेरॉइडच्या गोळ्या सुरू करण्याआधी डॉक्टरांना सिकलसेलचं कार्ड दाखवा.

दुसरी गोष्ट फवारणीची. २०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसवर शेतकरी-शेतमजूर दगावले, ते आपण विसरलेलो नाही. काही कीटकनाशकांच्या विषबाधेतही छाती घरघरते. पण सोबत तोंडातून लाळ गळते, घाम फुटतो, उलट्या होतात, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात. वावरातून आलेल्या माणसाला असं दिसलं तर त्याचे कपडे काढा, अंग साबणानं धुवा आणि फवारणीच्या औषधाचा डबा सोबत घेऊन दवाखान्यात पळा.

दम्याची खात्री करणारी तपासणी म्हणजे स्पायरोमेट्री. एक्स-रे दम्यात बहुतेक वेळा साफ येतो. तो काढतात इतर आजार वगळायला. स्पायरोमेट्रीत नाकाला चिमटा लावतात, छाती भरून श्वास घ्यायला लावतात आणि नळीत जोरात फुंकायला सांगतात. तंत्रज्ञ शेजारी उभा राहून "अजून, अजून, अजून" म्हणत राहतो आणि तुम्हाला वाटतं आता डोळे बाहेर येतील. असं तीनदा. मग पंप देऊन पंधरा मिनिटं बसवतात आणि पुन्हा फुंकायला लावतात. मोठ्या माणसात पहिल्या सेकंदात बाहेर पडणारी हवा १२ टक्क्यांनी आणि किमान २०० मिलिलिटरनं वाढली, तर आवळलेल्या नळ्या सुटल्या असा अर्थ, आणि तो दम्याच्या बाजूनं भक्कम पुरावा. तपासणीच्या दिवशी त्रास नसेल तर आकडे सरळ येतात. त्यानं दमा नाही असं ठरत नाही, डॉक्टर पुन्हा बोलावतील. नागपूरचं मेडिकल कॉलेज, सेवाग्रामचा दवाखाना, यवतमाळ-अकोल्याची सरकारी महाविद्यालयं, यांपैकी जवळ पडेल तिथं जा. सकाळचा पंप घ्यायचा की नाही ते आधी विचारून ठेवा. पाच वर्षांखालच्या लेकरांना नीट फुंकता येत नाही, त्यांचं निदान लक्षणं आणि औषधाचा गुण पाहूनच करतात.

दुसरी पायरी: दोन पंप ओळखा

एक पंप तात्पुरता आराम देणारा. त्यात बहुतेक साल्बुटामॉल असतं, पाचेक मिनिटांत नळी मोकळी होते, चारेक तासांनी असर संपतो. हात थोडे थरथरतात, छाती धडधडते, थोड्या वेळानं बसतं. दुसरा पंप रोजचा. त्यात बुडेसोनाइड, बेक्लोमेथासोन किंवा फ्लुटिकासोन असतं, म्हणजे सूज उतरवणारं स्टेरॉइड. तो ओढल्यावर लगेच काहीच जाणवत नाही. म्हणून लोक काय करतात? जाणवणारा ठेवतात आणि न जाणवणारा बंद करतात.

माझ्याकडून झालेली एक चूक सांगतो. दुकान नवं होतं तेव्हा उधारीची वही चाळताना एका गिऱ्हाइकाच्या पानावर नजर थांबली. एका वर्षात साल्बुटामॉलचे अकरा पंप, आणि रोजचा पंप एकही नाही. दरवेळी मीच दिला होता, हसून दिला होता. एका पंपात २०० मात्रा असतात. वर्षाला असे तीन किंवा जास्त पंप लागत असतील तर जोराचा अटॅक येण्याचा धोका वाढतो, आणि महिन्याला एक लागत असेल तर जिवाचा धोका. हे मला तेव्हा माहीत नव्हतं असं नाही, पण वहीवर कधी लावून पाहिलं नव्हतं. तो माणूस पुढं वाचला, पण पाच दिवस ऑक्सिजनवर राहून.

दम्याच्या उपचारांची जागतिक मार्गदर्शक तत्त्वं काढणाऱ्या 'जिना' या संस्थेनं २०१९ पासून स्पष्टच सांगितलंय की मोठ्यांना आणि वयात आलेल्या मुलांना नुसता साल्बुटामॉलचा पंप देऊन भागवू नका, स्टेरॉइडचा पंप सोबत हवाच. आता बऱ्याच जणांना बुडेसोनाइड आणि फॉर्मोटेरॉल एकत्र असलेला एकच पंप देतात. फॉर्मोटेरॉल लवकर काम करतं, त्यामुळं तोच रोजचा आणि तोच धापेचा, असं चालतं. पण दिवसाला जास्तीत जास्त किती दाबे, हे डॉक्टरांकडून लिहूनच घ्या. आणि पंपाच्या रंगावर जाऊ नका. निळा म्हणजे धापेचा, तपकिरी म्हणजे रोजचा, असा साधारण रिवाज आहे, पण कंपनी बदलली की रंगही बदलतो. नाव वाचा.

आता ती आदत. पंपाची आदत लागत नाही. दमा राहतो म्हणून पंप राहतो, चष्म्यासारखं. स्टेरॉइड म्हटलं की लोक दचकतात, तेव्हा मी हिशेब मांडतो. साल्बुटामॉलचा एक दाबा १०० मायक्रोग्रॅमचा. त्याचीच मोठ्यांची गोळी ४ मिलिग्रॅमची, म्हणजे ४००० मायक्रोग्रॅम. एका गोळीत चाळीस दाबे! गोळी पोटात जाते, रक्तात मिसळते, साऱ्या अंगात फिरते आणि थोडीशी छातीत पोचते. पंपाचं औषध जिथं हवं तिथं पडतं, म्हणून चिमूटभर पुरतं. स्टेरॉइडचंही तसंच. माझ्या बारा वर्षांच्या गोळ्यांनी हाताला कायमचा थरथराट दिला होता, शाळेत मास्तर म्हणायचे अक्षर सुधार.

मोंटेलुकास्टच्या गोळ्यांबद्दल एकच ओळ. काहींना त्यांचा उपयोग होतो, पण झोप उडणं, चिडचिड, भलते विचार असं काही दिसलं तर डॉक्टरांना कळवा. २०२० मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनानं यासाठीच त्या औषधाच्या माहितीपत्रकात चौकटीतला ठळक इशारा छापायला लावला.

तिसरी पायरी: पंप ओढायला शिका

खरं तर लेखाचा निम्मा भाग इथंच खर्च करायला हवा. औषध बरोबर, पण पोचतच नाही, अशी माणसं मी रोज पाहतो.

मागच्या हिवाळ्यात एक म्हातारेबुवा आले. दोन महिने झाले, काही फरक नाही म्हणून तक्रार. त्यांना रोटाकॅप, म्हणजे पावडरच्या कॅप्सूल दिलेल्या होत्या. मी म्हटलं, घेऊन दाखवा. बुवांनी पिशवीतून डबी काढली, कॅप्सूल जिभेवर ठेवली आणि पाणी मागितलं. "रोज घेतो नं, दोन टाइम, पाण्यासंगं." ती ओढायची मशीन घरी फडताळात, खोक्यासकट, नातवानं हात लावू नये म्हणून जपून ठेवलेली.

साधा दाबायचा पंप असेल तर असं करा. ताठ बसा किंवा उभे राहा. टोपण काढून पंप चांगला हलवा. नवा असेल किंवा बरेच दिवस वापरला नसेल तर आधी हवेत दोन-तीन दाबे सोडा. श्वास सावकाश पूर्ण बाहेर सोडा. पंपाचं तोंड दातांमध्ये धरून ओठ घट्ट मिटा. श्वास हळू आत घ्यायला सुरुवात करा आणि त्याच क्षणी पंप दाबा, श्वास घेत राहा. मग तोंड मिटून दहापर्यंत मोजा. दुसरा दाबा हवा असेल तर अर्धा-एक मिनिट थांबा, पुन्हा हलवा. दोन दाबे एका श्वासात ओढायचे नाहीत.

पावडरच्या मशीनचं तंत्र उलटं. तिथं श्वास जोरात, खोल आणि एका दमात ओढायचा, कारण पावडर तुमच्या ओढीनंच उडते. मशीनमध्ये फुंकायचं मात्र नाही, ओल लागली की पावडर चिकटते. ओढल्यावर कॅप्सूल पाहा. पावडर उरली असेल तर पुन्हा ओढा.

दाबणं आणि ओढणं एकत्र जमत नाही त्यांना स्पेसर. मी तर म्हणतो, दाबायचा पंप असलेल्या प्रत्येकालाच स्पेसर. प्लॅस्टिकचं ते पोकळ नळकांडं औषध आत धरून ठेवतं आणि तुम्ही सावकाश श्वासानं ते घेता. औषध घशाला चिकटत नाही, छातीत जास्त जातं. लहान लेकरांना मास्कचा स्पेसर नाक-तोंडावर घट्ट बसवायचा आणि पाच-सहा श्वास मोजायचे. लेकरू रडत असेल तर औषध फारसं आत जात नाही. आधी शांत करा. स्पेसर महिन्यातून एकदा कपडे धुण्याच्या पावडरच्या कोमट पाण्यात बुडवून काढा आणि तसाच हवेवर वाळू द्या. फडक्यानं पुसू नका. पुसलं की प्लॅस्टिकमध्ये वीज भरते आणि औषध भिंतीला जाऊन चिकटतं.

स्पेसर मिळेपर्यंत पाण्याची अर्धा लिटरची रिकामी बाटली चालते. बुडाला पंपाच्या तोंडाच्या मापाचं भोक पाडायचं, पंप घट्ट बसवून फटी चिकटपट्टीनं बुजवायच्या आणि बाटलीचं तोंड आपल्या तोंडात धरायचं. जुगाड वाटेल, पण दक्षिण आफ्रिकेतल्या डॉक्टरांनी मुलांवर याची रीतसर तपासणी केली होती. १९९९ मध्ये तो अभ्यास छापून आला आणि फटी नीट बुजवलेली बाटली विकतच्या स्पेसरच्या तोडीची निघाली.

रोजचा पंप घेतल्यावर खळखळून चूळ भरा आणि थुंका. नाहीतर जिभेवर पांढरा थर धरतो, आवाज बसतो. दात घासायच्या आधी पंप, असं लावून घेतलं की चूळही होते आणि विसरही पडत नाही.

आपल्या उन्हाळ्याचं एक. पंपावर ३० अंशांखाली ठेवा असं लिहिलेलं असतं आणि आपल्याकडं मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो. मोटारसायकलच्या डिक्कीत, ट्रॅक्टरच्या सीटखाली, पत्र्याच्या टपरीत पंप ठेवू नका. घरात माठाजवळची कोरडी जागा बरी. आणि पंप संपला का हे पाहायला पाण्यात तरंगवून बघतात, ते काही खरं नाही. मोजणीचा आकडा असलेला पंप घ्या, नाहीतर सुरू केल्याची तारीख पेनानं अंगावरच लिहा.

हा दाबायचा पंप आला कसा, तेही गमतीचं आहे. १९५५ मध्ये अमेरिकेत जॉर्ज मेसन नावाच्या एका औषध कंपनीप्रमुखाची तेरा वर्षांची लेक दम्यानं बेजार होती. तिनं बापाला विचारलं, केसांना मारायच्या फवाऱ्यासारखं माझं औषध डब्यात का नाही भरत? पुढच्याच वर्षी पंप बाजारात आला.

चौथी पायरी: तुमचं वर्ष ओळखा

दमा कशानं उठतो ते प्रत्येकाचं वेगळं. वहीत तारीख, त्रास आणि आदल्या दिवशी काय केलं एवढं दोन महिने लिहा, चोर सापडतो. माझं वर्ष असं जातं.

झड लागली की भिंतींना ओल, कपड्यांना वास आणि पोरांना सर्दी. दम्याचा सगळ्यात मोठा चोर ही साधी सर्दीच आहे. पोळ्याच्या सुमारास धुऱ्या-धुऱ्यावर गाजरगवत फुलतं. मग सोयाबीनची सोंगणी, थ्रेशर आणि कुटार. थ्रेशरच्या तोंडाशी दम्याच्या माणसानं उभंच राहू नये. वाऱ्याच्या वरच्या अंगाला राहा, पोती शिवा, ट्रॅक्टर चालवा, हिशेब ठेवा. रुमाल बांधून बारीक धूळ थांबत नाही. एन-९५ मास्क थोडा कामी येतो, पण घामानं भिजला की बदलावा लागतो. त्याच दिवसांत दिवाळीची साफसफाई. जाळे काढणं, चुना मारणं, गाद्या झटकणं, हे काम घरातल्या निरोगी माणसाकडं द्या आणि त्या दिवशी तुम्ही बहिणीच्या घरी जा. बायांना असं सांगितलं की त्या हसतात. पण दमा बाईचा आणि जाळेही तिनंच काढायचे, ही आपल्या घरांची रीत आहे, आणि तिथं कोणता पंप पुरणार?

कापूस घरात भरला की वेगळाच ताप. ज्या खोलीत कापसाची गंजी, तिथं दम्याचं लेकरू झोपवू नका. भिवापूर-कुहीकडच्या मिरचीच्या सातऱ्यावर, म्हणजे मिरच्या निवडायच्या जागी, जाणाऱ्या बायांनी देठ खुडायला बसताना तरी उघड्यावरची, वाऱ्याची जागा पकडावी. हिवाळ्यात शेकोटी आणि पऱ्हाट्यांची चूल. उज्ज्वला योजना २०१६ मध्ये आली, सिलेंडर घरोघरी पोचलं, पण आंघोळीचं पाणी अजून चुलीवरच तापतं. चूल निदान अंगणात न्या आणि लेकरू तिथून हलवा. फाल्गुन-चैत्रात मोहफुलं वेचायला झाडाखालचा पालापाचोळा जाळतात, तेव्हा गडचिरोली-गोंदियाकडं अख्खी गावं धुरात असतात.

आणि कूलर. आपल्या उन्हाळ्यात त्याच्याशिवाय जगणं नाही. गेल्या वर्षीची काळी पडलेली वाळ्याची नाहीतर लाकडी भुश्शाची टट्टी तशीच ठेवून कूलर सुरू केला की तिच्यातली बुरशी रात्रभर तोंडावर येते. दर उन्हाळ्याला टट्टी नवी घाला, टाकी आठवड्याला रिकामी करून घासा, आणि पहिला अर्धा तास कूलर खिडक्या उघड्या ठेवून, खोलीत कुणी नसताना चालवा. माझा स्वतःचा एप्रिलातला त्रास यातूनच निम्म्यावर आला.

डासांची कॉइल, उदबत्ती, बिडी यांचं वेगळं काय सांगायचं? मच्छरदाणी लावा. खाण्यात मात्र उगाच बंदी घालू नका. दही, केळी, भात, संत्रं बंद करून लेकरांना वाळवणारी घरं मी पाहिली आहेत. ज्या पदार्थानं खरंच दरवेळी त्रास होतो तेवढाच टाळा.

अंगदुखीच्या गोळ्या घेताना दुकानदाराला दमा असल्याचं सांगा. अ‍ॅस्पिरिन, आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅकनं काही जणांना जोराचा अटॅक येतो. पॅरासिटामॉल बहुतेकांना चालतं. बीपी, धडधड किंवा अर्धशिशीसाठी देतात ते प्रोप्रॅनोलॉल आणि काचबिंदूचे टिमोलॉलचे डोळ्यांचे थेंब यांनीही नळ्या आवळतात.

पाचवी पायरी: धाप लागली तर

हा भाग कागदावर उतरवून कपाटाच्या दाराला आतून चिकटवा. रात्री दोन वाजता लेख शोधायला कुणी बसत नाही.

माणसाला बसतं करा, थोडं पुढं झुकवा, आडवं करू नका. भोवतीची गर्दी हटवा. साल्बुटामॉलचे ४ दाबे स्पेसरमधून, एकेक करून, प्रत्येक दाब्याला ४ श्वास. ४ मिनिटं थांबा. फरक नसेल तर पुन्हा ४ दाबे. तरीही आराम नाही तर १०८ लावा आणि गाडी येईपर्यंत दर ४ मिनिटांनी ४ दाबे देत राहा. या वेळी जास्त औषधाची भीती धरू नका. छाती धडधडेल, पण जीव धापेनं जातो.

एका श्वासात वाक्य पुरं होत नाही, लेकराच्या बरगड्यांमधली कातडी आत ओढली जाते, ओठ निळसर दिसतात, माणूस गुंगीत जातो, यातलं एक जरी दिसलं तर वाट पाहू नका, पहिल्याच मिनिटाला १०८. सगळ्यात फसवी खूण म्हणजे सूं-सूं अचानक थांबणं आणि माणूस मात्र थकत जाणं. नातेवाईक म्हणतात, आराम पडला. पडलेला नसतो. शिट्टी वाजवण्याएवढीही हवा आत जात नसते.

गाव आडवळणाला असेल तर १०८ शी बोलत बोलतच मिळेल त्या गाडीनं प्राथमिक आरोग्य केंद्राकडं निघा, स्पेसर आणि पंप हातात. तिथं ऑक्सिजन, नेब्युलायझर आणि स्टेरॉइडची मात्रा मिळेल. नेब्युलायझरच्या वाफेत औषध तेच असतं जे पंपात आहे. साध्या अटॅकला पंप आणि स्पेसर तेवढंच काम करतात, म्हणून घरी वीज नाही, मशीन नाही, या चिंतेत वेळ घालवू नका. पंपाची चार तास टिकणारी आरामाची वेळ दोन तासांवर येऊ लागली, तरी त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

कोजागिरी, मासा आणि पुड्या

हे टाळून चालणार नाही, कारण तुमच्या घरी पंप आल्याची बातमी पसरली की पहिला सल्ला हाच येणार. कोजागिरीच्या चांदण्यात खिरीत मिसळून दिलं जाणारं दम्याचं औषध आपल्या भागात ठिकठिकाणी मिळतं. मृग लागला की लोक रेल्वेनं हैदराबादला जाऊन जिवंत माशासोबत औषध गिळून येतात. माझ्या आईनं मला खिरीला तीन वर्षं नेलं. तिसऱ्या वर्षी उघड्या मैदानावर, ऑक्टोबरच्या गारव्यात रात्रभर जागून पहाटे मला जो दम लागला, तो आजही आठवतो. श्रद्धेनं जायचं तर जा, मी कुणाला अडवत नाही. पंप खिशात ठेवा आणि बंद करू नका, एवढंच.

पुड्यांचं मात्र तसं नाही. "जडीबुटी आहे, साइड इफेक्ट नाही" म्हणून विकल्या जाणाऱ्या काही पुड्यांत गुपचूप स्टेरॉइड कुटून घातलेलं असतं. चार दिवसांत जादूसारखा आराम, भूक लागते, चेहरा गोल होतो, मग साखर वाढते, हाडं ठिसूळ होतात. पंपातल्या मायक्रोग्रॅमला घाबरणारी माणसं ही पुडी चमच्यानं खातात. बरेच महिने अशी पुडी घेतली असेल तर ती एकदम सोडू नका, त्यानंही धोका होतो. डॉक्टरांना दाखवून हळूहळू उतरवा.

पुढचे महिने

सुरुवातीला महिन्या-दीड महिन्यानं, मग तीन महिन्यांनी दाखवा. दिवसा आठवड्यातून दोनदापेक्षा जास्त त्रास, दम्यानं रात्री जाग, धापेचा पंप वारंवार लागणं, कामात अडथळा, यातलं काही नसेल तर दमा आटोक्यात. असे तीनेक महिने गेले की डॉक्टर मात्रा कमी करून पाहतात. स्वतःहून बंद करू नका, आणि कमी करायचं तर सोयाबीनच्या सोंगणीच्या तोंडावर नको.

बाई गरोदर राहिली की सासू पहिल्यांदा पंप बंद करायला लावते. बाळाला खरा धोका आईच्या धापेचा असतो, पंप चालू ठेवायचा. पोराला खेळू द्या, कबड्डी खेळू द्या. गरज पडली तर खेळाआधी पंप द्यायचा की नाही ते डॉक्टरांना विचारा. शाळेत बाईंकडं एक पंप, एक स्पेसर आणि तुमचा फोन नंबर देऊन ठेवा आणि एकदा करूनही दाखवा.

पैशाचं म्हणाल तर आधी आरोग्य केंद्रात आणि उपजिल्हा रुग्णालयात विचारा, नाही मिळालं तर जनऔषधी केंद्रात. दुकानदार असून सांगतो, औषधाचं नाव तेच असेल तर स्वस्तातला पंपही चालतो. फक्त मशीनचा प्रकार बदलत असेल तर ओढायचं तंत्र पुन्हा शिकून घ्या.

तपासणीला जाताना दोन्ही पंप, स्पेसर आणि ती वही पिशवीत घाला. डॉक्टरांनी विचारलं नाही तरी म्हणा, "मी ओढून दाखवतो, बरोबर आहे का बघा." ते म्हातारेबुवा आता दर महिन्याला माझ्या काउंटरवर येऊन मशीन ओढून दाखवतात, मग रिकामी कॅप्सूल उजेडात धरून मलाच विचारतात, "उरली तं नाही नं?"